नागपुरातली पडद्याची इंजेक्शनं: औषध, ओसीटी आणि तारखांचा परखड आढावा

आधी निकाल, मग कारणं. मधुमेहाने डोळ्याच्या पडद्याला आलेली सूज, पडद्याची बंद पडलेली शीर, वयामुळे बिघडलेला मॅक्युला (पडद्याचा मधला भाग), या तिन्हींवरची महत्त्वाची इंजेक्शनं आज नागपुरात मिळतात. औषधांना आम्ही भरपूर गुण देतो. ती टोचण्याची पद्धत धंतोली-रामदासपेठेतल्या नीट चालणाऱ्या केंद्रांत कुठल्याही मोठ्या शहराच्या तोडीची आहे. पुढच्या तारखा सांभाळायची व्यवस्था मात्र सगळ्यात कच्ची, आणि नजर जाते ती बहुतेक वेळा तिथेच.

पडद्याच्या बारीक रक्तवाहिन्या खराब झाल्या की त्या भागाला ऑक्सिजन कमी पडतो. असा पडदा व्हीईजीएफ नावाचं प्रथिन सोडतो. त्याने वाहिन्या झिरपू लागतात, मॅक्युलात पाणी साचतं, वाचताना ओळी वाकड्या दिसतात, समोरच्याचा चेहरा मधोमध पुसट होतो. इंजेक्शन हे प्रथिन अडवतं, पाणी उतरतं, नजर वर येते. पण औषध काही आठवड्यांत संपतं आणि खराब वाहिन्या खराबच राहतात, म्हणून पाणी परत भरतं. हे पहिल्याच दिवशी नीट समजावून सांगणारं केंद्र निम्मी लढाई तिथेच जिंकतं.

औषधं

बेवासिझुमॅब सगळ्यात स्वस्त. मुळात कॅन्सरचं औषध. डोळ्यासाठी त्याचा वापर २००५ पासून होतोय, पण कंपनीच्या परवान्यात डोळा नाही. वयामुळे होणाऱ्या मॅक्युलाच्या आजारात ते रॅनिबिझुमॅबच्या बरोबरीने नजर टिकवतं, हे २०११ साली कॅट या मोठ्या अमेरिकन अभ्यासाने दाखवलं. मधुमेहाच्या सुजेत चित्र थोडं वेगळं आहे. डीआरसीआर नेटवर्क या अमेरिकेतल्या संशोधन गटाने २०१५ मध्ये ६६० पेशंटवर केलेली तुलना प्रसिद्ध केली. सुरुवातीची नजर ६/१२ किंवा त्याहून बरी असेल तर वर्षअखेर बेवासिझुमॅब, रॅनिबिझुमॅब आणि अफ्लिबरसेप्ट यांच्यात फरक उरला नाही. सगळीकडे तपासणीच्या चार्टवर साधारण आठ अक्षरं जास्त वाचता येऊ लागली. नजर ६/१५ किंवा त्याहून कमी असेल तर अफ्लिबरसेप्टने सरासरी १९, रॅनिबिझुमॅबने १४ आणि बेवासिझुमॅबने १२ अक्षरं वाढली. चार्टवर एका ओळीत पाच अक्षरं असतात, म्हणजे अफ्लिबरसेप्ट आणि बेवासिझुमॅब यांच्यात जेमतेम दीड ओळीचा फरक.

मग पैसे कमी असतील तर काय? त्याच नेटवर्कचा २०२२ चा अभ्यास नागपूरच्या मध्यमवर्गीय घराला सगळ्यात उपयोगी आहे. एका गटाला पहिल्यापासून अफ्लिबरसेप्ट, दुसऱ्याला आधी बेवासिझुमॅब आणि पुरेसा फायदा दिसला नाही तर अफ्लिबरसेप्ट. दोन वर्षांत दुसऱ्या गटातल्या सुमारे ७० टक्के डोळ्यांचं औषध बदलावं लागलं, पण नजर शेवटी दोन्ही गटांत सारखीच सुधारली. स्वस्त औषधाने सुरुवात करण्यात कमीपणा नाही. अट एकच: बदलायची वेळ आली की अडून बसायचं नाही.

बेवासिझुमॅबचा खरा धोका एक बाटली अनेकांत वाटण्यात आहे. बाटली ४ मिलिलिटरची, त्यात १०० मिलिग्रॅम औषध. डोळ्याला लागतं फक्त ०.०५ मिलिलिटर, १.२५ मिलिग्रॅम. म्हणजे एका बाटलीतून अनेक सिरिंज भरल्या जातात, आणि भरताना जंतू शिरले तर त्या दिवशीचे कितीतरी डोळे एकदम पकडले जातात. गुजरातमध्ये अशी घटना घडल्यावर जानेवारी २०१६ मध्ये देशाच्या औषध नियंत्रकांनी डोळ्यासाठी हे औषध वापरू नये असा इशारा दिला होता. मार्चमध्ये तो मागे घेतला गेला. म्हणून केंद्राला सरळ विचारा: सिरिंज कुठे भरता, लॅमिनार फ्लो (जंतुविरहित हवेचा झोत) आहे का, बॅच नंबर माझ्या फाइलमध्ये लिहिणार का? चांगली जागा या प्रश्नाने चिडत नाही. दुसरी बारीक गोष्ट सिरिंजची. काही इन्सुलिन सिरिंजमधून सिलिकॉनचे सूक्ष्म थेंब डोळ्यात जातात आणि पेशंटला कायमचे तरंगते ठिपके दिसत राहतात. सिलिकॉन नसलेली सिरिंज वापरली तर हा त्रास टळतो.

रॅनिबिझुमॅब खास डोळ्यासाठी बनलेलं, ०.५ मिलिग्रॅमचा डोस. त्याची पहिली भारतीय आवृत्ती रॅझुमॅब, अहमदाबादच्या इंटास कंपनीची, २०१५ मध्ये आली. सुरुवातीच्या काही बॅचमध्ये डोळा लाल होऊन आत दाह झाल्याच्या तक्रारी आल्या, कंपनीने पुरवठा थांबवून प्रक्रिया सुधारली, आणि त्यानंतर ती देशभर मोठ्या प्रमाणावर वापरली गेली. आता इतर भारतीय कंपन्यांचीही रॅनिबिझुमॅब बाजारात आहेत. खर्च, सुरक्षितता आणि परिणाम या तिन्हींचा मेळ बघता पहिल्यांदा इंजेक्शन घेणाऱ्यासाठी आमची शिफारस याच गटाला. एका पेशंटला एक बाटली, ही यातली मोठी जमेची बाजू. ती तुमच्यासमोर उघडायला सांगा. एकच बाटली दोघांत वाटली तर जास्तीच्या पैशाचा अर्थच संपतो.

अफ्लिबरसेप्ट, २ मिलिग्रॅम: मधुमेहाची सूज जास्त आणि नजर बरीच उतरलेली असेल तर पहिली पसंती. मधुमेहात नेमून दिलेली पद्धत पाच मासिक डोस, मग दर आठ आठवड्यांनी.

ब्रोलुसिझुमॅब पडदा छान कोरडा करतं, पण २०२० मध्ये या औषधानंतर काही डोळ्यांत रक्तवाहिन्यांना दाह होऊन त्या बंद पडल्याचं समोर आलं. हा दाह दुसऱ्या दिवशीच येतो असं नाही, काही आठवड्यांनीही येऊ शकतो. डोळ्यात आधी दाह होऊन गेलेल्या किंवा एकाच चांगल्या डोळ्यावर भिस्त असलेल्या पेशंटसाठी आम्ही ते सुचवणार नाही.

फॅरिसिमॅब व्हीईजीएफबरोबर अँजिओपोएटिन-२ हे दुसरं प्रथिनही अडवतं. मधुमेहाच्या सुजेवरच्या योसेमिटी आणि ऱ्हाइन या दोन अभ्यासांत, गरजेनुसार अंतर वाढवत नेलेल्या गटातले निम्म्याहून थोडे अधिक पेशंट वर्षअखेर १६ आठवड्यांच्या अंतरावर पोचले, आणि त्यांच्या गटाची नजर दर आठ आठवड्यांनी अफ्लिबरसेप्ट घेणाऱ्यांच्या तोडीस तोड राहिली. नजर जास्त वाढते म्हणून हे घेऊ नका, तसं त्यात दिसलेलं नाही. सिरोंचा, भामरागड किंवा बालाघाटहून दर खेपेला मजुरी बुडवून, सोबत एक माणूस घेऊन येणाऱ्याचा प्रवास यात वाचू शकतो, आणि तो हिशेब मांडला तर महागडी बाटलीही कधीकधी परवडते.

डेक्सामेथासोन या स्टेरॉइडची कांडी, ०.७ मिलिग्रॅम, डोळ्यात तीन-चार महिने काम करते. नुकताच पक्षाघात किंवा हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्यांना, गरोदर स्त्रियांना आणि मोतीबिंदू आधीच काढलेल्यांना तिचा विचार होतो. डोळ्याचा दाब दीड-दोन महिन्यांनी वाढू शकतो, तेव्हा तपासलाच पाहिजे. मोतीबिंदूच्या ऑपरेशनमध्ये मागची पिशवी फाटलेली असेल तर ही कांडी पुढे सरकून बुबुळाला इजा करू शकते; त्या ऑपरेशनचा कागद सोबत न्या.

ओसीटी: सगळ्यात जास्त दुर्लक्ष इथे

इंजेक्शन पुन्हा द्यायचं की थांबायचं, हे ओसीटीवर, म्हणजे पडद्याचे छेद दाखवणाऱ्या स्कॅनवर ठरतं. पेशंटच्या हातात येतो लाल-पिवळा नकाशा आणि मधल्या गोलातला एक आकडा, मायक्रॉनमध्ये. हा आकडा मशीनप्रमाणे बदलतो. डीआरसीआरच्या अभ्यासांत सूज धरण्याची मर्यादा सिरस मशीनवर स्त्रियांसाठी २९० आणि पुरुषांसाठी ३०५ आहे. स्पेक्ट्रॅलिसवर तीच ३०५ आणि ३२०. म्हणजे मागच्या महिन्यात एका ठिकाणी २९५ आणि या महिन्यात दुसरीकडे ३१० आलं तर सूज वाढली असं नाही, फक्त मशीन बदललं. स्वस्त पडतं म्हणून दर वेळी वेगळ्या सेंटरवर ओसीटी काढणाऱ्यांची तुलनाच होऊ शकत नाही. एक मशीन धरा आणि तेच ठेवा.

दुसरी चूक मोजणीच्या रेषेची. मशीन पडद्याच्या वरच्या आणि खालच्या कडेवर आपोआप रेषा आखतं आणि मधलं अंतर मोजतं. मोतीबिंदू पिकलेला असेल, डोळा कोरडा असेल, पेशंट हलला असेल तर रेषा घसरते आणि आकडा खोटा येतो. सिरसच्या कागदावर सिग्नल स्ट्रेंथ लिहिलेली असते. ती १० पैकी ६ च्या खाली असेल तर फोटो पुन्हा काढायला सांगा. स्कॅनच्या आधी कृत्रिम अश्रूंचा एक थेंब घातला तरी चित्र पुष्कळ सुधारतं.

नुसता नकाशा देऊन आडवे छेद न देणाऱ्या सेंटरला आम्ही कमी गुण देऊ. खरी माहिती छेदात आहे: पाणी कुठल्या थरात आहे, मॅक्युलावर पापुद्रा ओढ देतोय का, प्रकाश टिपणाऱ्या पेशींची चमकती रेषा शाबूत आहे की तुटलेली. ती रेषा मधोमध तुटलेली असेल तर सूज पूर्ण उतरूनही वाचता येईलच असं नाही, आणि हे चौथ्या-पाचव्या इंजेक्शननंतर कळण्यापेक्षा पहिल्याआधी कळलेलं बरं.

टोचण्याची पद्धत

सुई टोचणं काही सेकंदांचं, तयारी तेवढी महत्त्वाची. बधिर करायचे थेंब, मग ५ टक्के पोव्हिडोन आयोडीन थेट डोळ्यात आणि ते काम करेपर्यंत थांबणं. बधिर करायची जेल वापरत असतील तर आयोडीन जेलच्या आधी पडलं पाहिजे, कारण जेलचा थर आयोडीनला जंतूंपर्यंत पोचू देत नाही. पापण्या क्लिपने उघड्या धरतात, पापणीचे केस सुईला लागता कामा नयेत. मग बुबुळाच्या कडेपासून मोजून, लेन्स बदललेली असेल तर साधारण साडेतीन मिलिमीटर, स्वतःची लेन्स असेल तर चार, तिथे ३० गेजची बारीक सुई जाते. सुई निघाली की डॉक्टर बोटं किंवा हात हलवून दिसतंय का विचारतात. हा प्रश्न औपचारिक नाही. डोळ्यातला दाब एकदम वाढून शिरेचा रक्तपुरवठा थांबलेला नाही ना, हे त्यावरून कळतं.

आयोडीन चुरचुरतं, त्या रात्री डोळ्यात वाळू गेल्यासारखं वाटतं. त्याला घाबरायचं कारण नाही. टोचलेल्या जागी लाल डाग दिसला तर तोही आठवड्या-दोन आठवड्यांत जातो. ‘आयोडीन नको, फार झोंबतं’ असं सांगून ते टाळून घेणारे पेशंट असतात आणि ऐकणारे मदतनीसही. तसं करू नका. डोळ्यात जंतू जाऊ नयेत म्हणून जे काही केलं जातं त्यात आयोडीनचा पुरावा सगळ्यात पक्का आहे. अँटिबायोटिक थेंबांचा तसा फायदा अभ्यासांत दिसलेला नाही. टोचताना खोलीत सगळ्यांच्या तोंडाला मास्क असावा, गप्पा बंद असाव्यात, कारण तोंडातले जंतू डोळ्यात गेले तर संसर्ग फार वाईट होतो. दोन्ही डोळे एकाच दिवशी करत असतील तर सुई, क्लिप, कापड सगळं वेगळं, आणि जमल्यास औषधाची बॅचही वेगळी.

डोळ्याच्या आत जंतुसंसर्ग होण्याचं प्रमाण दोन-तीन हजार इंजेक्शनांत एखादं, इतकं कमी आहे. पण झाला तर तासांचा हिशेब असतो. दुखणं कमी होण्याऐवजी वाढत जाणं, नजर धूसर होणं, प्रकाश सहन न होणं, साधारण दुसऱ्या ते पाचव्या दिवसात: लगेच केंद्र गाठायचं, रात्र असली तरी. म्हणून रात्रीचा फोन नंबर कागदावर छापलेला नसेल तर त्या केंद्राचे आम्ही थेट गुण कापतो.

बाटली स्वतः आणायची असेल तर

काही ठिकाणी औषध बाहेरून आणायला सांगतात. ही सगळी इंजेक्शनं २ ते ८ अंशांत ठेवायची असतात, गोठवायची नसतात. मे महिन्यात पारा पंचेचाळिशी ओलांडतो तेव्हा दवाबाजारातून धंतोलीपर्यंत स्कूटरच्या डिकीत आणलेली बाटली भरवशाची नाही. थर्माकोलच्या डब्यात जेल पॅक घ्या, पण बाटली बर्फाला चिकटू देऊ नका. पावती आणि खोक्यावरचा बॅच नंबर जपून ठेवा. आमचं मत विचाराल तर स्वतःची औषधसाखळी सांभाळणारं केंद्रच निवडावं, शे-दोनशे रुपये जास्त गेले तरी.

तारखा

डीआरसीआरच्या तुलनेत मधुमेहाच्या पेशंटना पहिल्या वर्षी नऊ-दहा इंजेक्शनं लागली, दुसऱ्या वर्षी पाच-सहा. नागपुरात मात्र ‘तीन इंजेक्शनांचं पॅकेज’ सर्रास विकलं जातं. तीन झाली की पेशंटला वाटतं कोर्स संपला, आणि पेरणी, लग्नसराई, दिवाळी यात तो चार-पाच महिने फिरकत नाही. परत येतो तेव्हा सूज पहिल्याइतकीच असते आणि पेशींची ती रेषा थोडी अधिक तुटलेली असते. पॅकेजची जाहिरात करताना हे न सांगणं हा आमच्या मते या सेवेतला सगळ्यात मोठा दोष. सुरुवात तीन डोसांनी करणं चूक नाही, तिथे थांबणं चूक.

चांगली केंद्रं ‘ट्रीट अँड एक्स्टेंड’ पाळतात: पडदा कोरडा झाला की पुढचं अंतर दोन आठवड्यांनी वाढवायचं, पाणी आलं की तेवढंच मागे यायचं. तारीख निघण्याआधी काउंटरवर लिहून मिळते, आदल्या दिवशी फोन येतो. फोन करायला एक माणूस नेमलेलं केंद्र आणि न नेमलेलं केंद्र, यातला फरक आम्हाला दोन औषधांतल्या फरकापेक्षा मोठा वाटतो.

पडद्यावर नव्या नाजूक रक्तवाहिन्या उगवलेल्या पेशंटची गोष्ट आणखी गंभीर. त्यांना लेझरऐवजी नुसती इंजेक्शनं देता येतात, पण असा पेशंट मधेच गायब झाला तर लेझर झालेल्यापेक्षा त्याच्या डोळ्याचं जास्त नुकसान होतं, पडदा ओढला जाऊन सुटतो. लांबून येणाऱ्या, तारखेची खात्री नसलेल्या माणसाला डॉक्टर लेझर सुचवत असतील तर तो जुनाट उपाय समजून नाकारू नका.

उलट बाजूही आहे. मधुमेहाची सूज मधोमध, पण नजर ६/६ किंवा ६/७.५ असेल तर घाई नको. २०१९ च्या अभ्यासात अशा डोळ्यांना लगेच इंजेक्शन, लेझर किंवा नुसती देखरेख, काहीही केलं तरी दोन वर्षांनी नजर सारखीच होती, अट एवढीच की बिघडताच इंजेक्शन सुरू करायचं. पहिल्याच भेटीत अशा डोळ्यासाठी पॅकेज पुढे केलं तर दुसरं मत घ्या.

शुगर, रक्तदाब आणि किडनीचा अहवाल न बघता सूज उतरवत बसणं अर्धं काम. पायोग्लिटाझोन ही मधुमेहाची गोळी चालू असेल तर ते डोळ्याच्या डॉक्टरांना सांगा, त्याने पाणी वाढू शकतं. फेनोफायब्रेट या जुन्या गोळीने मधुमेही पडद्याची घसरण मंदावते, असं स्कॉटलंडमधल्या २०२४ च्या ‘लेन्स’ (LENS) नावाच्या अभ्यासात दिसलं, सुमारे २७ टक्क्यांनी. फिजिशियनशी हा विषय काढण्यासारखा आहे. किडनी कमजोर असेल तर ती चालत नाही.

खर्च, विमा, सरकारी दवाखाने

विमा असलेल्यांनी ‘हे ओपीडीतलं काम आहे, मिळणार नाही’ हे उत्तर मुकाट ऐकू नये. विमा नियामक आयआरडीएआयने २०१९ मध्ये आधुनिक उपचारांची जी यादी काढली तीत डोळ्यातलं इंजेक्शन नावानिशी आहे. कंपनी रकमेला मर्यादा घालू शकते, म्हणून पॉलिसीतली उपमर्यादा आधी वाचा आणि डिस्चार्जच्या कागदावर औषधाचं नाव, डोस, बॅच आणि निदान नीट लिहून घ्या. फुले जन आरोग्य योजनेसाठी संबंधित रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला तुमचा उपचार यादीत आहे का ते आधीच विचारा.

मेडिकल, मेयो आणि मिहानमधलं एम्स इथे तपासणीचा खर्च फार कमी. दिवस पूर्ण मोकळा ठेवा. बाहुली मोठी करायचे थेंब घातल्यावर चार-पाच तास गाडी चालवता येत नाही, धंतोलीत पार्किंग तर तसंही मिळत नाही. काँग्रेसनगर मेट्रो स्टेशन बरं पडतं.

विदर्भासाठी एक वेगळी नोंद. सिकलसेलच्या मुलांचा पडदा वयाच्या दहाव्या वर्षापासून नियमित बघायला हवा, नजर सहाबाय सहा असली तरी, कारण बिघाड कडेला सुरू होतो आणि समोरचं स्पष्ट दिसत राहतं. ओसीटीत मध्यभाग दिसतो, कड नाही. त्यामुळे ‘ओसीटी नॉर्मल’ एवढ्यावर परत आलात तर तपासणी अर्धीच झाली आहे. बाहुली मोठी करून संपूर्ण पडदा बघून घ्या.

कोणी नव्या औषधाच्या चाचणीत सहभागी व्हा असं सुचवलं तर तीन गोष्टी बघा. सीटीआरआय या देशातल्या औषध-चाचण्यांच्या नोंदवहीतला नोंदणी क्रमांक, मराठीतलं संमतिपत्र, आणि चाचणीमुळे इजा झाल्यास उपचार मोफत देण्याचं लेखी कलम. २०१९ च्या नियमांनुसार ते बंधनकारक आहे. चाचणीत भेटी आणि ओसीटी काटेकोर होतात, हा मोठा फायदा. मात्र तुम्हाला जुनं औषध मिळेल की नवं, हे चिठ्ठी टाकल्यासारखं ठरतं, आणि मधेच बाहेर पडायचा हक्क कायम असतो. सही केलेल्या संमतिपत्राची एक प्रत घरी घेऊन जा.